गणनेतले श्रम आणि गणनेबाहेरचे श्रम

अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेनुसार त्या देशातील विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम पाच टक्के स्त्रिया अर्थार्जनाचे काम करीत होत्या. पुढच्या शंभर वर्षांत हेच प्रमाण निम्म्याच्या पुष्कळ पुढे गेले. विवाहित व अविवाहित मिळून सर्व प्रौढ स्त्रियांचा विचार केला, तर १९०० च्या सुमारास पाचांतील एक, १९५० मध्ये तिघींतील एक आणि २००० साली पाचांतील तीन स्त्रिया श्रमशक्तीत होत्या. श्रमशक्ती म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी काम करणाऱ्या आणि असे काम शोधत असलेल्या माणसांचा समूह होय. एखाद्या गटातील किती टक्के माणसे या समूहात मोडतात, हे सांगणारे प्रमाण म्हणजे सहभागदर. आणि त्या संपूर्ण समूहात एखाद्या गटाची माणसे किती, हे सांगणारे प्रमाण म्हणजे त्या गटाचा हिस्सा. या दोहोंची अनेकदा गल्लत होते. अमेरिकी श्रमशक्तीतील स्त्रियांचा हिस्सा १९५० मधील सुमारे ३० टक्क्यांवरून शतकाच्या अखेरीस सुमारे ४७ टक्क्यांवर गेला, त्याला स्त्रियांचे येणे जसे कारणीभूत होते तसे काही अंशी पुरुषांचे जाणेही होते, कारण याच काळात पुरुषांचा सहभागदर ८६ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

हे आकडे अर्थशास्त्राचे असले तरी त्यांच्या पोटात दडलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आणि धर्मविचाराचा आहे. ‘विसाव्या शतकात स्त्रिया काम करू लागल्या’ हे विधान सहज केले जाते, आणि ते करताना त्याआधी त्या काम करीत नव्हत्या हेही नकळत मान्य केले जाते. वास्तविक धान्य निवडणे, पाणी भरणे, कापड विणणे, मुले वाढवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे आणि मृत्यूच्या दारातील वृद्धांना सांभाळणे ही कामे कोणत्याही शतकात थांबली नव्हती. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की माणसाच्या कोणत्या क्रियेला श्रम म्हणावे, ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्या क्रियेला श्रमाचे नाव मिळते तिच्यात शिरल्याने माणूस खरोखर स्वतंत्र होतो काय.

यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकोणिसाव्या शतकातील जनगणना अधिकाऱ्यांनी, आपण तत्त्वचिंतन करीत आहोत याची फारशी जाणीव न ठेवता, देऊन टाकली. इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत पत्नी, माता आणि गृहिणी यांना व्यवसायांच्या वर्गवारीत स्वतःचे स्थान होते. घर चालवणे ही राष्ट्राच्या दृष्टीने एक मोलाची कामगिरी आहे असे त्या वर्गवारीमागचे गृहीत होते. १८८१ ची जनगणना आली तेव्हा त्याच स्त्रिया ‘व्यवसायहीन’ या सदरात गेल्या. मधल्या तीस वर्षांत त्यांच्या दिनक्रमात असा काही फरक पडलेला नव्हता की ज्यामुळे त्या निरुद्योगी ठराव्यात. बदलली होती ती राष्ट्राच्या संपत्तीची कल्पना. जे बाजारात विकले जाते तेच संपत्ती, आणि जो ते निर्माण करतो तोच उत्पादक, ही समजूत आता शास्त्राच्या पदाला पोचली होती. या बदलाविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या उन्नतीसाठी स्थापन झालेल्या एका संघटनेने १८७८ मध्ये तेथील संसदेला निवेदन देऊन, घर चालवणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांची नोंद जनगणनेत श्रम करणाऱ्या म्हणून होत नाही, याकडे लक्ष वेधले होते. त्या निवेदनाचा परिणाम झाला नाही, पण आकड्यांमागे नीतीचा निवाडा लपलेला असतो हे ओळखणाऱ्या स्त्रिया त्या काळीही होत्या, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या इतिहासात मिळते त्याहून मोठ्या जागेची अधिकारी आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये या मोजमापातील विसंगती नेमकी दाखवली. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या स्त्रीशी विवाह केला, तर ती पूर्वीचीच सर्व कामे करीत राहिली तरी राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. पिगूंनी विसंगती दाखवली खरी, पण ती दूर करण्याचे काम हाती घेतले नाही. ते १९३४ मध्ये मार्गारेट रीड या अमेरिकी विदुषीने केले. जे काम त्याच घरातील व्यक्तीऐवजी मोबदला देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येते ते उत्पादक काम, अशी साधी कसोटी त्यांनी मांडली. या कसोटीने स्वयंपाक हे काम ठरते आणि स्वतः जेवणे हे काम ठरत नाही. मुलाला न्हाऊ घालणे हे काम ठरते आणि स्वतः झोप घेणे ठरत नाही. कसोटी इतकी सुबोध असूनही राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने ती घरगुती सेवांना लावली नाही. कुटुंबाने स्वतःसाठी पिकवलेले धान्य उत्पन्नात धरायचे आणि त्याच धान्याची शिजवलेली भाकर मात्र वगळायची, असा हा हिशेब आहे.

गणनेची ही पद्धत बाजूला ठेवून जुनी साधने पुन्हा तपासली, तेव्हा इतिहासाची आकृतीच पालटली. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या संशोधनासाठी, त्याचा एक मोठा भाग याच तपासणीचा आहे. शेतावर पतीच्या बरोबरीने राबणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या, घरात भाडेकरू ठेवून त्यांना जेवू घालणाऱ्या, घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या नावापुढे जनगणनेत बहुधा ‘पत्नी’ एवढेच लिहिलेले असे. या कामांची भर घातल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विवाहित अमेरिकी स्त्रियांचा सहभाग अधिकृत आकड्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पाहिले तर स्त्रियांच्या आर्थिक सहभागाची रेषा आधी खाली उतरते आणि मग वर चढते, म्हणजे तिचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. शेती आणि घरगुती उद्योग यांच्या जागी कारखाना आला, कामाची जागा आणि राहण्याची जागा यांची फारकत झाली, आणि लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला दोन्ही ठिकाणी असणे अशक्य झाले, म्हणून रेषा उतरली; पुढे शिक्षण, कचेऱ्यांतील नोकऱ्या आणि सेवाक्षेत्राचा विस्तार यांनी ती चढवली. तेव्हा ज्याला परंपरा म्हणून गौरवले जाते ते मिळवता पुरुष आणि घरात बसलेली स्त्री यांचे कुटुंब, मानवी इतिहासाच्या मानाने अगदी अलीकडचे आणि थोड्याच देशांतील थोड्याच वर्गांना परवडलेले आहे.

या रेषेच्या खालच्या वळणाजवळच पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या १८८६ मध्ये तेथे गेल्या, जवळजवळ तीन वर्षे हिंडल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांचे शिक्षण, त्यांचे व्यवसाय आणि त्यांच्या संघटना यांना रमाबाईंनी त्या पुस्तकात मोठी जागा दिली. जनगणनेला ज्या समाजातील बहुतेक विवाहित स्त्रिया निरुद्योगी दिसत होत्या, त्याच समाजात एका मराठी विदुषीला सार्वजनिक कामात गुंतलेल्या स्त्रियांचे मोठे बळ दिसले. पाहणारा कोणता प्रश्न घेऊन पाहतो यावर त्याला काय दिसेल हे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

आता धर्मविचाराकडे वळले पाहिजे, कारण श्रमाला प्रतिष्ठा देण्याचे आणि ती स्त्रीपुरुषांत वाटण्याचे काम पाश्चात्त्य जगात प्रथम धर्मानेच केले. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात ईश्वराने खास बोलावून घेतलेला मनुष्य म्हणजे मठवासी साधू किंवा साध्वी. प्रापंचिकाचे काम त्याहून खालचे. मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात हा भेद मोडला आणि चांभाराचे, शेतकऱ्याचे, घरधनिणीचे कामही श्रद्धेने केले तर ईश्वरी आवाहनच आहे असे सांगितले. विवाहावरील १५२२ च्या लेखनात ते येथपर्यंत गेले की बाप बाळाची लंगोटी धूत असेल आणि शेजारी त्याला हसत असतील, तरी ईश्वर व त्याचे देवदूत त्या बापावर प्रसन्न असतात. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल ज्यांच्या परिचयाचा आहे त्या वाचकांना या कल्पनेत परके असे काही वाटणार नाही. मात्र विठ्ठल स्वतः दळू लागतो, आणि ल्यूथरचा ईश्वर दळणाऱ्याकडे संतोषाने पाहतो, हा फरक राहतोच.

ल्यूथर यांचा विचार स्त्रियांच्या बाबतीत दुधारी ठरला. घरकामाला त्याने दैवी मान्यता दिली, पण जेथे त्याचा विजय झाला तेथे स्त्रियांचे मठ बंद झाले आणि विवाहाबाहेर राहून अध्ययन, लेखन व व्यवस्थापन करण्याची जी एक वाट स्त्रीला होती तीही बुजली. पुढे काय झाले ते मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात दाखवले आहे. ईश्वरी आवाहन म्हणून पत्करलेला व्यवसाय हळूहळू पद्धतशीर अर्थार्जनाशी एकरूप झाला, मिळकत हीच कृपेची खूण मानली जाऊ लागली, आणि अखेरीस ईश्वर मागे राहून नुसती अर्थार्जनाची शिस्त उरली. वेबर यांनी हा प्रवास उद्योजक आणि कामगार यांच्या संदर्भात सांगितला. त्याची स्त्रियांना लागू पडणारी बाजू त्यांनी तपासली नाही. आवाहनाची खूण मिळकत असेल तर जिला मिळकत नाही तिला आवाहनही नाही, हा निष्कर्ष त्यातून अटळपणे निघतो, आणि १८८१ च्या जनगणनेतील ‘व्यवसायहीन’ हे सदर त्याचेच लौकिक रूप मानता येते.

कॅथलिक परंपरेने वेगळा मार्ग घेतला. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्राने कामगाराला कुटुंबाचे पोषण होईल एवढे वेतन मिळाले पाहिजे असे बजावले, आणि त्याच पत्रात स्त्री ही स्वभावतः गृहकृत्यासाठी आहे असेही म्हटले. ही दोन विधाने एकत्र वाचली की कुटुंबवेतनाची कल्पना तयार होते, म्हणजे पुरुषाला पत्नी व मुले यांच्यासह पुरेल एवढे वेतन. ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगारासाठी दिवसाला सात शिलिंग ठरवले ते याच हिशेबाने. भांडवलशाहीच्या निष्ठुरतेला घातलेला तो बांध होता यात शंका नाही. परंतु पुरुषाच्या वेतनात कुटुंब गृहीत धरले की स्त्रीच्या वेतनात ते धरण्याचे कारण उरत नाही, आणि पुढे त्या देशात स्त्रियांचे मूळ वेतन पुरुषांच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक ठरवले गेले. विधवा, परित्यक्ता आणि आईबापांना पोसणारी अविवाहित मुलगी यांना या व्यवस्थेत स्थानच नव्हते. करुणेतून निघालेले तत्त्व ज्यांच्यासाठी करुणा सर्वाधिक हवी होती त्यांनाच वगळून गेले.

कायद्यांनीही हीच धारणा दीर्घकाळ जपली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक शाळा आणि कचेऱ्या विवाह होताच स्त्रीला नोकरीतून काढत. आयर्लंडच्या सरकारी सेवेतील असा नियम १९७३ मध्ये उठला. फ्रान्समध्ये पतीच्या संमतीविना नोकरी करण्याचा हक्क पत्नीला १९६५ मध्ये मिळाला, आणि पश्चिम जर्मनीत पत्नीची नोकरी तिच्या गृहकर्तव्यांशी सुसंगत असली पाहिजे ही अट १९७७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. युरोपात स्त्रीस्वातंत्र्य फार पूर्वीपासून नांदत आले आहे अशी जी समजूत आहे, तिला या तारखा पुरेसे उत्तर देतात.

अशा पार्श्वभूमीवर अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआर यांचा १९४९ मधील युक्तिवाद समजून घ्यावा लागतो. माणसाचे माणूसपण आहे त्या स्थितीच्या पलीकडे जाण्यात, जगात काही नवे उभे करण्यात आहे, असे अस्तित्ववाद मानतो. घरकाम मात्र जीवन टिकवते, पुढे नेत नाही. आज पुसलेली धूळ उद्या परत येते. म्हणून स्वतःच्या कमाईचे काम हाच स्त्रीच्या प्रत्यक्ष स्वातंत्र्याचा आधार, असा त्यांचा निष्कर्ष. हॅना आरेंट यांनी १९५८ मध्ये याच सीमारेषेचा वेगळ्या बाजूने विचार केला. प्राचीन ग्रीक नगरात घर हे निकडीचे क्षेत्र होते आणि नगरसभा हे स्वातंत्र्याचे. स्त्रिया आणि गुलाम निकड वाहत, म्हणून नागरिक स्वतंत्र असे. आरेंट यांच्या मते देहाची निकड भागवणारे कष्ट, टिकाऊ वस्तू घडवणारे काम आणि इतरांसमवेत केलेली सार्वजनिक कृती हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि आधुनिक समाजाने या सर्वांना नोकरीच्या एकाच मापात कोंबले आहे. हे मान्य केले तर एक अवघड प्रश्न पुढे येतो: कारखान्यात दिवसभर एकच हालचाल करणारी किंवा दुसऱ्याचे घर पुसणारी स्त्री निकडीतून बाहेर पडली, की एका निकडीतून दुसरीत गेली?

कमाईच्या कामातच मुक्ती पाहणाऱ्या विचारावर हा आक्षेप सर्वांत जोरकसपणे कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीवादी विचारवंतांनी, विशेषतः बेल हुक्स यांनी, घेतला. गुलामगिरीत त्यांच्या पूर्वज स्त्रिया शेतात राबल्या होत्या, आणि मुक्तीनंतरही विवाहित कृष्णवर्णीय स्त्रियांचा सहभागदर गोऱ्या विवाहित स्त्रियांच्या कितीतरी पुढे राहिला. नोकरीनेच मुक्ती मिळत असती तर त्या सर्वांच्या आधी मुक्त झाल्या असत्या. आक्षेप खरा आहे, तरी त्याने बोव्हुआर यांचे सारे म्हणणे खोडले जात नाही. स्वतःच्या नावाची मिळकत स्त्रीला आत्मसाक्षात्कार देईलच असे नाही, पण असह्य घरातून निघून जाण्याची शक्यता ती नक्की देते, आणि निघून जाता येते हे उभय पक्षांना ठाऊक असले की घरात राहण्याचीही अट बदलते. मारणाऱ्या नवऱ्यापासून सुटकेसाठी भाड्याची खोली घेऊ शकणारी स्त्री आणि ती घेऊ न शकणारी स्त्री यांत अंतर आहे, आणि कामाच्या गौरवाचे कोणतेही तत्त्वज्ञान ते पुसू शकत नाही. सहभागदराचा खरा अर्थ येथे सापडतो: कोण किती कष्ट करतो हे तो सांगत नाही, कोण किती प्रमाणात दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही हे तो सांगतो.

मात्र स्त्रिया ज्या श्रमशक्तीत शिरल्या तिचा साचा अशा माणसासाठी घडला होता की ज्याच्या घरी स्वयंपाक करायला आणि मुले सांभाळायला दुसरे कोणी आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरी परतल्यावर लागणाऱ्या कामाला १९८९ मध्ये ‘दुसरी पाळी’ म्हटले. जो अधिक तास आणि हव्या त्या वेळी उपलब्ध राहील त्याला अनेक व्यवसाय प्रमाणाबाहेर अधिक वेतन देतात, आणि त्यामुळे समान शिक्षण असलेल्या जोडप्यातही एकाने माघार घेणे फायद्याचे ठरते, हे गोल्डिन यांनी दाखवले. माघार कोण घेते हे सांगायला नको. या साच्याला प्रत्येक देशाने आपापल्या परीने उत्तर दिले. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अर्धवेळ काम करतात. जपानमध्ये स्त्रियांचा सहभागदर गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढला, पण नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अनियमित, म्हणजे कायमपणाची हमी नसलेल्या नोकऱ्यांत आहेत. स्वीडनने १९७१ मध्ये पतिपत्नींवर वेगवेगळा कर आकारला, १९७४ मध्ये बालसंगोपनाची सवेतन रजा आई-बाप दोघांना खुली केली, आणि बापांनी ती फारशी घेतली नाही म्हणून १९९५ मध्ये त्यातील एक महिना असा राखून ठेवला की बापाने न घेतल्यास तो वाया जावा. लंगोटी धुणारा बाप ल्यूथर यांनी उपदेशात रंगवला होता. त्याला प्रत्यक्षात आणायला पावणेपाचशे वर्षांनी विमा-कायद्याचे कलम लागले.

जेथे पुरुष पुढे आला नाही आणि राज्यसंस्थेनेही हात आखडता घेतला, तेथे ही कामे दुसऱ्या स्त्रियांकडे गेली. फिलिपाइन्समधील, लॅटिन अमेरिकेतील आणि पूर्व युरोपातील स्त्रिया श्रीमंत देशांतील मुले व वृद्ध सांभाळतात, आणि त्यांची स्वतःची मुले मागे आजीकडे किंवा आत्याकडे वाढतात. एका देशाच्या सहभागदराची चढती रेषा दुसऱ्या देशातील मातृत्वाच्या वियोगावर उभी असू शकते, आणि राष्ट्रनिहाय आकडेवारीत हे दिसण्याची सोयच नाही. तत्त्वज्ञ ईव्हा किटे यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार येथे सर्वांत उपयोगी पडतो. समाज म्हणजे स्वतंत्र आणि समान व्यक्तींचा करार, असे मानणारे सिद्धान्त हे विसरतात की प्रत्येक माणूस आयुष्याचा काही भाग पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असतो, आणि जो त्याला सांभाळतो तो तेवढ्यापुरता स्वतःही अवलंबून होतो, कारण त्याचे हात गुंतलेले असतात. म्हणून सांभाळणाऱ्याला सांभाळण्याची जबाबदारी समाजाची आहे. हे ऋण सांभाळल्या जाणाऱ्या व्यक्तीने फेडायचे नसते, कारण ती बहुधा फेडू शकत नाही. ते इतरांनी फेडायचे असते.

याच ठिकाणी दोन परस्परविरोधी प्रवाह काही अंतर एकत्र चालताना दिसतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्केन्स’ या पत्रात मातेच्या श्रमाचे सामाजिक पुनर्मूल्यांकन व्हावे अशी मागणी केली. त्याआधी १९७२ पासून सेल्मा जेम्स, सिल्व्हिया फेडेरिची आदी समाजवादी स्त्रिया घरकामासाठी वेतन मागत होत्या. एका प्रवाहाला स्त्रीची विशिष्ट प्रकृती जपायची होती आणि दुसऱ्याला ती प्रकृती नाहीच हे सिद्ध करायचे होते, तरी घरातले काम हे काम आहे यावर दोघांचे एकमत होते. यातील पोपच्या भूमिकेत जो दोष राहतो तो गंभीर आहे: सांभाळण्याचे काम इतके थोर असेल तर ते मानवजातीच्या अर्ध्याच भागाला का वाटून द्यावे, याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही. जे पवित्र आहे त्यापासून पुरुषाला सूट देणे हा पुरुषाचाही सन्मान नव्हे.

आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी नोकरी आणि घरकाम ही दोन्ही थांबवली, तेव्हा गणनेतले आणि गणनेबाहेरचे श्रम एकाच दिवशी उघडे पडले. बापांना मुले कचेरीत घेऊन जावी लागली. आंतरराष्ट्रीय श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये कामाची व्याख्या विस्तारून स्वतःच्या कुटुंबासाठी केलेल्या सेवांनाही काम म्हटले, रोजगार हा त्याचा केवळ एक प्रकार ठरवला, आणि अशा रीतीने १८७८ च्या निवेदनाला एकशे पस्तीस वर्षांनी शास्त्राची संमती मिळाली. व्याख्या बदलली तरी त्यातून कोणावर कोणते कर्तव्य येते हे ठरत नाही, आणि खरा वाद तेथेच आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत स्त्रीचे घरातील जीवन राष्ट्राला आधार देते असे मान्य करून, मातांना आर्थिक निकडीपायी घरच्या कर्तव्यांकडे दुर्लक्ष करून श्रम करावे लागू नयेत यासाठी राज्यसंस्थेने प्रयत्न करावा, असे कलम आहे. ते काढून त्याजागी कुटुंबातील सर्वांनी एकमेकांना दिलेल्या काळजीचा उल्लेख घालावा, असा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये सार्वमतास ठेवला गेला, आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला. फेटाळणाऱ्यांत जुन्या कलमाचे समर्थक होते, तसेच अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्तेही होते. नव्या मजकुरात काळजीचा भार कुटुंबावरच राहतो आणि राज्यसंस्था केवळ झटण्याचे आश्वासन देते, ही त्यांची हरकत होती. स्त्रीला घराशी बांधणारे शब्द काढून टाकण्यास त्यांचा विरोध नव्हता. त्या शब्दांबरोबर ती जबाबदारी नेमकी कोणाच्या अंगावर जाणार, हे घटनेने स्पष्ट सांगावे एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती अद्याप पुरी झालेली नाही.